बुधवारची एक चिठ्ठी

शेजारणीचा मुलगा आखातात नोकरीला आहे. मागे एकदा त्याचा फोन आला की तिथल्या सरकारने सगळ्या देशाची सुट्टी हलवली. आधी गुरुवार-शुक्रवार असायची, आता शुक्रवार-शनिवार. शेजारीण ओट्यावर बसून हे सांगत होती आणि तिला ते काही खरं वाटत नव्हतं.

"अख्ख्या देशाचा वार असा कोणी बदलतं का?"

"का नाय बदलणार? तुझा जावई दर वर्षी घर बदलतो, ते चालतं ना," मी म्हटलं.

देशाचं मला कळत नाही. पण साठ माणसांचा वार ठरताना मी जवळून पाहिलं आहे. त्याला तीन आठवडे लागले, आणि जमिनीच्या वाटणीत होत नाहीत इतकी भांडणं झाली.

नव्वद सालानंतरची गोष्ट, मुलगी तिसरीत होती तेव्हाची. गंगापूर रोडला तेव्हा इमारती कमी आणि मळे जास्त. आमचा दीड एकराचा मळा होता, त्यात मी फुलं लावायचे. शेवंती, झेंडू, गलांडा. पहाटे तोडायची आणि गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, नेऊन विकायची. नवरा कारखान्यात लेथवर होता. विजेची टंचाई म्हणून कारखान्यांना सुट्टीचे वार वाटून दिले होते, सगळे एकदम चालले तर वीज पुरत नसे. यांच्या कारखान्याच्या वाट्याला गुरुवार आला होता. मुलीच्या शाळेला सुट्टी रविवारी. आणि माझी बुधवारी.

माझ्या बुधवारचं सांगायला पाहिजे. फुलवालीचा आठवडा देव चालवतात. सोमवार महादेवाचा, तेव्हा पांढरी शेवंती जाते. मंगळवारी गणपतीची जास्वंद. गुरुवारी दत्ताला पिवळं लागतं, शुक्रवारी देवीच्या वेण्या, शनिवारी मारुतीला रुईच्या माळा, रविवारी खंडोबाला झेंडू. बुधवार तेवढा राहिला. तो विठोबाचा म्हणतात, पण त्याला तुळस लागते आणि ती लोकांच्या दारातच असते. शिवाय बुधवारी गंगेवर आठवडे बाजार भरतो, आमच्या जागेवर कांदे-लसूणवाले बसायचे. म्हणून त्या दिवशी मी मळ्यात, खुरपं घेऊन. बाकी सहा दिवस जागा सोडायची सोय नव्हती. एक सकाळ टोपली मांडली नाही तर दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी बाई बसलेली असते आणि ती उठत नाही. मी माझी जागा तशीच मिळवली होती.

तर घरात माणसं तीन आणि सुट्ट्याही तीन. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पोट भरत होतं. एकदा शाळेत 'माझा रविवार' असा निबंध लिहायला दिला. मुलीने लिहिलं, "रविवारी आमच्या घरी कोणी नसते. मी काकूकडे जाते. गुरुवारी पप्पा घरी असतात, तेव्हा मी शाळेत असते. आई बुधवारी घरी असते पण ती मळ्यात असते." बाईंनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून खाली सही केली होती.

हे ती वही हातात धरून पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"खोटं काय लिहिलंय तिने? जेवायला बसा," मी म्हटलं.

पुढे काही महिन्यांनी विजेचा नियम सैल झाला. कंपनीने कामगारांना सांगितलं, वार तुम्हीच ठरवा, एकच ठरवा, आणि पुन्हा कुरकुर करू नका. मग भांडणं सुरू झाली. गुरुवारच राहू द्या म्हणणारे होते, कारण त्या दिवशी बँका आणि कचेऱ्या उघड्या असतात. पेठ तालुक्यातले दोघे म्हणत, कोणताही द्या पण दोन दिवस सलग द्या, डोंगर चढून घरी पोचेपर्यंत सुट्टी संपते. एक जण म्हणे, वार कोणताही चालेल, मला शुक्रवारी दुपारी नमाजापुरता वेळ द्या. सगळ्यात शहाणा तोच.

यांच्या शेजारच्या लेथवर निफाडकडचा एक जण होता. तो संध्याकाळी आमच्याकडे चहाला थांबायचा.

"वहिनी, काही जण सोमवार म्हणत्यात," तो एकदा तावातावाने सांगत होता. "आमच्या गावात सोमवारी औत धरत नाय. महादेवाचा वार, नंदीच्या मानेवर जू ठेवायचं नाय. बैलांना सुट्टी. मग मी त्या दिवशी घरी राहून करू काय? बैलाशेजारी बसून रवंथ करू?"

"आणि बायकोला कोणत्या वारी सुट्टी असती तुमच्या गावात?"

"तिला कशाला? ती काय बैल हाय का?"

"तेच ना. बैल असती तर सोमवार तरी मिळाला असता."

तो कपातला चहा सांडेपर्यंत हसला. हे हसले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

तो गेल्यावर मी यांना सांगितलं, "तुम्ही रविवार लिहा. पोरीला बाप मिळेल."

"आणि तू?"

"मी गंगेवर. खंडोबा काय वार बदलणार नाय."

"मग आपल्या दोघांचं काय?"

"आपलं काय असतं? अकरा वर्षं झाली की," मी म्हटलं आणि भांडी घेऊन मोरीवर गेले.

शेवटी कारखान्यात ग्रीसच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून मतं घेतली. त्या दिवशी हे घरी आले आणि एवढंच म्हणाले, "रविवार झाला." मुलीने घरभर उड्या मारल्या. मला बरं वाटलं. शिरा केला, तो जरा जळला.

दोन दिवसांनी तो निफाडवाला गंगेवर माझ्याकडे हार घ्यायला आला.

"वहिनी, रविवार लय पुढे गेला. सोमवारला पण पाच-सहा पडल्या, ते बिनबैलाचे असतील. पण गंमत ऐका. बुधवारला एक! साहेबाने चिठ्ठी वर धरून विचारलं, हा कोण शहाणा? अख्खं खातं हसलं. कोणी बोललंच नाय."

मी हार गुंफत होते. दोऱ्याला गाठ न मारताच तो हार त्याच्या हातात दिला. अर्ध्या वाटेत त्याची फुलं गळाली असतील.

संध्याकाळी हे सायकल लावत होते, तिथेच मी गाठलं.

"काय लिहिलं होतं चिठ्ठीवर?"

"सांगितलं वाटतं त्याने."

"त्याला काय माहीत? बुधवार म्हटल्यावर मला कळलं. पोरीचा रविवार पाण्यात घालायला निघाला होता तुम्ही. एका मताने गेला असता म्हणजे?"

"जात नव्हता. तीन आठवडे मी दुसरं काय केलं? एकेकाला धरून विचारत होतो. चाळीसच्या वर लोक रविवारचे पक्के झाले, तेव्हा माझी चिठ्ठी लिहिली." मग सायकलला कुलूप लावता लावता म्हणाले, "रविवारवाले लय होते. तुझ्याकडून कोणीच नव्हतं."

आत जाऊन मी आमटीला उगाच दुसऱ्यांदा फोडणी दिली.

रविवार सुरू झाले. हे सकाळी मुलीच्या वेण्या घालायचे, एक वर आणि एक खाली. अकरा वाजता दोघं डबा घेऊन गंगेवर यायची. मुलगी टोपलीमागे बसून गिऱ्हाईकांशी माझ्यापेक्षा गोड बोलायची. हे पलीकडच्या पायरीवर उभे राहायचे. फुलांशेजारी बसायला लाजत होते. तेवढ्यात माझं भागलं असतं.

पण एका बुधवारी मुलगी शाळेत गेली तरी हे घरातच. कामाचे कपडे घातलेले नाहीत.

"बरं नाय का?"

"रजा टाकली."

"कशाला? रजा दिवाळीला लागतात."

"दिवाळीला तू दिसतेस कुठे? तेव्हा तर झेंडू असतो."

ते मळ्यात आले आणि माझ्याबरोबर निंदायला बसले. तासाभरात त्यांनी तणाबरोबर शेवंतीचे फुटवेही उपटले. मी रागावले, तर उपटलेले परत मातीत खोचायला लागले. दुपारी बांधावर भाकरी खाल्ली. अकरा वर्षांत आम्ही जे बोललो ते उभ्या-उभ्या. सिलिंडर संपलं, पोरीला ताप आहे, पाणी आलं का. बसून काय बोलायचं असतं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

पुन्हा निंदायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "इथे एकटी असतेस तेव्हा कसला विचार करतेस?"

"तणाचा."

मग मला वाटलं, माणूस रजा टाकून आला आहे, त्याला खरं सांगायला हरकत नाही. म्हणून सांगितलं, "संध्याकाळी कारखाना सुटल्याचा भोंगा इथवर ऐकू येतो. तेव्हा म्हणते, आता हे हात धूत असतील."

त्यांचं खुरपं थांबलं.

पुढेही वर्षातून तीन-चार वेळा ते बुधवारी रजा टाकत राहिले, आणि दर वेळी मी रजा वाया घालवता म्हणून बोलत राहिले. पण त्या पहिल्या दिवशी आम्ही तिसऱ्या वाफ्यात होतो तेव्हा भोंगा झाला. सवयीने ते उठले, मातीने भरलेले हात अंगापासून लांब धरून पाटाच्या पाण्याकडे निघाले.

"बसा," मी म्हटलं. "अजून दोन वाफे राहिलेत."

ते बसले.