राजाच्या जागी कोरलेली बाई

भूपालची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली. अर्धांगाने त्याची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती... डावा हात तेवढा राहिला होता. मी खाटेशी बसलो तसा त्या हाताने त्याने माझा तळवा उघडला आणि मधोमध अंगठा जोरात दाबून धरला. त्याच्या बायकोला, कमलवहिनींना वाटलं, मित्राचा हात धरलाय. मला मात्र कळलं होतं. कुणी नाणं बघायला आलं की भूपाल ते आधी दाखवत नसे. डोळे मिटायला लावून तळव्यावर दाबायचा आणि मग उचलून म्हणायचा, "आता बघ, उमटलं." आठवड्यापूर्वीच त्याचा फोन आला होता, "मास्तर, बाईचं नाव सापडलं. फोनवर न्हाय सांगत. घरी ये की." मी गेलो नव्हतो. घरी पाहुणे होते, मग गुडघा दुखत होता. दवाखान्यात मी त्याला म्हणालो, आधी बरा हो, मग निवांत सांग. त्याने अंगठा काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या दिवशी तो गेल्याचा फोन आला.

भूपाल उचगावचा. कबनूरच्या यंत्रमागांवर जॉबर होता. बंद पडलेला माग चालू करून देण्यात त्याची उभी हयात गेली. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो, म्हणून त्याचा ‘मास्तर’. रविवारी सकाळी शहरात नाण्यांचे शौकीन जमतात, तिथे आमची ओळख झाली आणि पहिल्याच दिवशी वाजलं. माझा छंद रीतसर होता. नाण्यावर ओरखडा नको, कडा शाबूत हवी, प्रत्येक नाणं पाकिटात. या गृहस्थाने मात्र व्यापाऱ्याच्या टोपलीतला टाकाऊ माल पुढ्यात ओतून घेतला होता. भोक पाडलेली, कानस मारलेली, कडी डाखलेली, अर्धी कापलेली नाणी. मी म्हणालो, अहो, ही तर मोड आहे. सराफाकडे वितळवायला देतात त्या जुन्या, तुटक्या चांदीला आपण मोड म्हणतो, ती. त्याने मानही वर न करता उत्तर दिलं, "मोडच हाय. तुमच्या नाण्याला सरकारनं हात लावलाय, माझ्या नाण्याला मानसानं." त्या दिवसापासून तो शब्द आमचा झाला. मी दारात दिसलो की तो आत ओरडायचा, "मास्तर मोड बघायला आलाय, चहा टाक." मीही फोनवर आधी मोडीची खुशाली विचारायचो आणि मग त्याची. वहिनींच्या कानावर तीस वर्षं हाच शब्द पडत होता.

त्याचे नियम माझ्यापेक्षा कडक होते. जुना भोकाचा पैसा कुणी कौतुकाने आणून दिला की तो परत करायचा. ते भोक टांकसाळीत पडलेलं, त्याच्या काय कामाचं? त्याला हवा होता बाळाच्या कुंचीला शिवलेला चार आण्यांचा तुकडा, किंवा तो अर्धा रुपया, जो दोन भावांनी वाटणीत देव्हाऱ्यातून काढून छिन्नीने तोडला होता. नाणं मिळालं की तो ते घर शोधत जायचा. कुणी कापलं, कशासाठी, तेव्हा घरात काय चाललं होतं, हे कळेपर्यंत त्याला चैन नसे. कळलं की मागावरच्या कापडाच्या एका तुकड्यावर शाईच्या पेनाने दोन ओळी लिहायच्या आणि त्यातच ते नाणं गुंडाळून डब्यात ठेवायचं. त्याची वही म्हणजे ती फडकी. मी कितीदा म्हणालो, कागदावर लिही, फोटो काढून ठेव. फोटोत नाणं येतं, हात येत नाही, असं काहीतरी बोलून तो विषय मोडून काढायचा.

आणि त्या डब्यात ती बाई होती. कोडोलीच्या एका शेतकरी घरातून आलेला चांदीचा रुपया. पहिली बायको वारली आणि दुसरी आली, की नवीच्या गळ्यात मेलेल्या सवतीची खूण घालायची रीत होती. या घरात कुणीतरी रुपयावरचा राजा कानशीने पार घासून काढला होता आणि त्या जागी सुईसारख्या टोकाने बाईचं तोंड कोरलं होतं. कपाळावर मोठं कुंकू, नाकात नथ, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा वर. कोरणारा कारागीर नव्हता, नवराच असावा असं भूपालला वाटे. मी चित्रकलेचा मास्तर, मला त्या तोंडाकडे फार वेळ बघवायचं नाही. घरच्यांना तिचं नावही माहीत नव्हतं. देव्हारा नवा केला तेव्हा त्यांनी तो रुपया भूपालच्या हातावर ठेवला. "हिचं तोंड जगात दुसरीकडं कुटंच न्हाय मास्तर," तो म्हणायचा, "आनि आपल्याला हाक मारायला नाव न्हाय." त्या नावासाठी तो किती वर्षं कोडोलीच्या खेपा घालत होता. ते त्याला सापडलं, आणि माझा गुडघा दुखत होता.

तो गेल्यावर काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. मी एका लग्नात होतो, पंगत बसत होती, वाजंत्रीत नीट ऐकूही येत नव्हतं. "भावजी, ह्येंच्या त्या मोडीचं काय करायचं वो?" त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. भूपालच दारातून ओरडल्यासारखं वाटलं. मी हसलो, रडलो, काय केलं देव जाणे... म्हणालो, "मोडच ती वहिनी, दुसरं काय." त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी जेवायला बसलो. आपण काय बोलून बसलो हे पुढे किती दिवस माझ्या डोक्यातही आलं नाही.

उचगावला गेलो तेव्हा वहिनींनी चहा दिला आणि समाधानाने सांगितलं की सगळी चांदी गुजरीत सराफाला देऊन टाकली आणि त्याचा लहानसा कलश करून बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, भूपालच्या नावाने दिला. माझा चेहरा बघून त्या जरा घाबरल्या. "तुमीच म्हनलासा की भावजी, मोडच हाय म्हनून." मी मान हलवली. चांगलं केलंत म्हणालो. कुठल्या तोंडाने दुसरं काही म्हणणार होतो? मग त्यांना काही आठवलं. आत गेल्या आणि फडक्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. "काळी मिचकूट झालती. धुऊन, नीळ घालून ठेवल्यात. तुमास्नी उपेगाला येतील."

पुढच्या आठवड्यात मी कोडोलीला गेलो. त्या घरचा म्हातारा अंगणात बसला होता. भूपालचं ऐकून हळहळला. नावाचं विचारलं तर म्हणाला, त्याला कुणी सांगितलं ते ठाऊक नाही, आता सांगणारं कुणी उरलंही नसेल. मी उठलो तसा तो म्हणाला, "नावाचं काय घिऊन बसलायसा पावणं? ती हाय न्हवं तुमच्याकडं? सांभाळा म्हंजे झालं." मी हो म्हणालो. या वयात एका भल्या माणसाच्या तोंडावर खोटं बोललो आणि बस पकडली.

माझी स्वतःची नाणी मी त्यानंतर उघडलेली नाहीत. न ओरखडलेली, कुणाचीच नसलेली ती नाणी बघून काय करू? गठ्ठा मात्र टेबलावर असतो. रोज सकाळी त्यातलं एक फडकं मी खिडकीशी उजेडात धरतो. तिचं कुठलं होतं तेही आता कळायला मार्ग नाही. कधी कोपऱ्यात फिकट निळी रेघ दिसल्यासारखी वाटते, पण ती शाईची की निळीची, सांगता येत नाही. भिंग लावूनही पाहिलं. वहिनींनी फार स्वच्छ धुतली आहेत.