माधवनगरला दिलेली सुपारी

कसं सांगावं तेच कळत नाही, पण सांगतो. तुम्ही हसणार आहातच, तेव्हा चहा आधी पिऊन घ्या, उगाच ठसका लागायचा.

मला मोबाईलवर अतरंगी गाणी शोधायचा नाद आहे. कुणी सायकलच्या तारांवर भूप वाजवतंय, कुणी कुकरच्या शिट्टीत शिट्टी मिसळून तान घेतंय, परदेशातला कुणी म्हातारा मुळ्याला भोकं पाडून त्याची बासरी करतोय. असलं काही सापडलं की मला जेवण सुचत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवतो. हल्ली ते दार उघडत नाहीत, तो भाग वेगळा.

तर असाच एक व्हिडिओ सापडला. पडद्यावर नुसता यंत्रमाग. खटॅक-खट, खटॅक-खट. त्याच्यापुढं स्टीलचे ग्लास पालथे मांडलेले आणि हिरव्या बांगड्यांचे दोन हात सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्यांनी त्या ग्लासांवर चक्क भैरवी वाजवतायत. मागाचा ठेका तबल्यासारखा धरलेला. बरं, शांतपणे चाललेली ती भैरवी मध्येच अशी उधळली, की इंग्रजी पिक्चरमधले घोडे मागं लागल्यासारखी! माझ्या अंगावर काटा आला. तोंड कुणाचं दिसत नव्हतं. पण मागच्या भिंतीवर कारखान्याचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, माधवनगर.

म्हणजे आपल्या सांगलीजवळचं. मी साताऱ्यात बसून सगळं जग धुंडाळत होतो आणि हे रत्न एका एसटीच्या अंतरावर.

त्यातच आमच्या कॉलनीच्या मंडळात मी छाती ठोकून सांगून बसलो होतो, की यंदा कुणी बघितला नसेल असा कलाकार आणतो. नाही आणला तर मंडळी मला आयुष्यभर खुर्च्या मांडायला लावणार होती. मग काय, रविवारी इस्त्रीचा झब्बा घातला, वर जाकीट चढवलं. आमच्याकडं बँडवाला असो की तमाशा, कलाकार ठरवला की त्याला सुपारी देतात. म्हणून नारळ, सुपारी आणि एक शाल पिशवीत टाकली आणि निघालो.

पत्ता चहाच्या टपरीवर लगेच मिळाला. कारखान्याला लागूनच घर होतं. दारात मालक उभे, कडक इस्त्रीत. दत्तोबा त्यांचं नाव.

"कुठनं आलासा?"

"साताऱ्याहून."

"या, या. वाटच बघत हुतो. एकटंच आलाय व्हय?"

माझी वाट का बघत होते, असा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मी त्या व्हिडिओखाली चार ओळी कौतुक लिहिलं होतं. मला वाटलं, तेच वाचून ओळखलं.

"म्हटलं आधी मी बघून येतो," मी म्हणालो. "मला पसंत पडलं की बाकीचे काही बोलत नाहीत."

आत सतरंजी अंथरलेली, उदबत्ती लावलेली. दत्तोबांची थोरली बहीण कोपऱ्यात बसली होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत. ऐकायला कमी येत असल्यामुळं ती कुजबुजली तरी गल्लीला कळायचं.

"दत्तू, फोटोत केस हुतं की रं ह्यास्नी."

मी काही लिहिलं की नावाशेजारी माझा जुना, केसाळ फोटो येतो. म्हणजे यांनी तोही बघितलाय! मूठभर मांस चढलं अंगावर.

मग पोहे आले. पोहे घेऊन दत्तोबांची मुलगी प्राजक्ता आली, छान साडी नेसून. मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही, एकदम हातांकडं बघितलं. हिरव्या बांगड्या.

"बाळ, हात बघू जरा."

"हात बघून सांगता व्हय?" दत्तोबांनी विचारलं.

"सगळं या हातांतच आहे साहेब. मी रोज झोपताना मोबाईलवर हिलाच बघतो."

दत्तोबांना ठसका लागला. प्राजक्ताची आई, शोभाताई, पाणी घेऊन धावत आल्या.

"पण आज मशीन बंद का?" मी विचारलं. "चालू करा की. मशीनशिवाय मजा नाही."

"म्हंजे," दत्तोबा सावकाश म्हणाले, "तुमास्नी मशीनबी पायजे?"

"पाहिजेच. नुसती मुलगी नेऊन आम्ही काय करणार?"

"सातारला न्हेणार मशीन?"

"टेम्पोचं मी बघतो. त्याचा भार तुमच्यावर नाही."

दत्तोबांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, माणूस माझ्या दिलदारपणानं भारावला. मी लगेच पिशवीतून नारळ काढला, त्यावर सुपारी ठेवली, शाल उलगडली. "हे बघा, मशीनचं नंतर ठरवू. आधी सुपारी घ्या."

सुपारी दिसताच आत्याबाई हळदीकुंकवाचं ताट आणायला आत पळाल्या.

"आवं, पण एवढ्या घाईनं?" दत्तोबा म्हणाले.

"चांगलं दिसलं की मला धीर धरवत नाही. माझी बायको नेहमी हेच म्हणते."

"बायको?" दत्तोबा उभे राहिले.

तेवढ्यात दारात जीप थांबली. तिच्यातून एक जोडपं आणि त्यांच्यामागं एक तरणाबांड मुलगा उतरला. डोक्यावर भरपूर केस. त्याची आई आत आली, तिनं नारळ बघितला, सुपारी बघितली, शाल हातात धरलेला मी बघितला.

"सुपारी फुटली व्हय हितं? मग आमाला सातारस्नं कशाला बोलावलंसा?" ती नवऱ्याला म्हणाली, "चला वो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पोहे, साडी, केस, सगळं एकदम दिसलं. प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो मुलगा मान खाली घालून जीपकडं वळला होता. एका पोरीचं जमत आलेलं लग्न मी पोहे खाता खाता मोडलं होतं.

मी दारात आडवा उभा राहिलो. मोबाईल काढला आणि आवाज मोठा करून व्हिडिओ लावला. खटॅक-खट, खटॅक-खट. "यासाठी आलो होतो हो. या मुलीचं वादन ठेवायचंय आमच्या मंडळात. सुपारी त्याची आहे. मी लग्न झालेला माणूस आहे."

सगळे मोबाईलवर वाकले. प्राजक्तानं डोळे पुसले आणि ती फसकन हसली.

"आवं, ही मी न्हाई. ही आई हाय. मी नुसतं शूटिंग करती."

सगळ्या माना स्वयंपाकघराकडं वळल्या. शोभाताई चहाची किटली हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर ओढला.

"आमच्या कारखान्यात? कवा?" दत्तोबांनी विचारलं.

"दुपारचं जेवून तुमी घोरता तवा," शोभाताई पदरातून म्हणाल्या.

आणि तो मुलगा जीपपासून परत आला. "काकू, ह्या तुमी हाय? ह्यो व्हिडिओ मी आख्ख्या ऑफिसला पाठवलाय." त्याची आई त्याच्याकडं बघतच राहिली.

मग माग चालू केला. शोभाताई मांडी घालून बसल्या, ग्लास मांडले, एक-दोनांत पाणी घालून सूर जुळवला आणि सुरुवात केली. काय सांगू, समोर बसून ऐकताना ती जमीन थरथरते ना, ते मोबाईलमध्ये येत नाही. रागानं निघालेली मुलाची आई आधी उंबऱ्यावर टेकली, मग सतरंजीवर आली, शेवटी मांडीवर ठेका धरून बसली. भैरवी उधळली तेव्हा दत्तोबासुद्धा मान हलवत होते आणि बायकोकडं असं बघत होते, जणू आजच बघायला आलेत.

लग्न त्याच दुपारी ठरलं. घाईत त्यांचा नारळ जीपमध्येच राहिला, म्हणून माझाच फोडला. शोभाताईंनी आमच्या मंडळात वाजवायचं कबूल केलं, मागाची खटखट रेकॉर्ड करून आणते म्हणाल्या. टेम्पोचा विषय कुणी काढला नाही.

मी निघालो तर आत्याबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळदीकुंकवाच्या ताटापायी त्यांचं मधलं सगळं हुकलं होतं आणि उरलेलं ऐकू आलं नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मनाला लावून घिऊ नगा पावनं. ही न्हाई तर दुसरी. एक हाय माझ्या बघण्यात. तिला असं येडंबी चालंल."

घरी येऊन हे सगळं मी बायकोला साग्रसंगीत सांगितलं. म्हटलं, पोट धरून हसेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं एवढंच विचारलं, "नंबर घेतलाय का आत्याबाईंचा?"