बत्तीवरची राखण

"दिसलं व्हतं की मला!"

"दिसलं होतं?" कुसुमताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "काचेची कणी दिसली आणि तरी बाटली चांगल्या ट्रेमध्ये ठेवलीस?"

"व्हय."

"का गं बाई?"

"बगितलं आन् सोडून दिलं," कस्तुरा म्हणाली. "विहारातल्या भन्त्यांनी तसंच शिकवलंय."

कुसुमताईंना हसावं की ओरडावं तेच कळेना. भोसरीच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा कारखान्यात इंजेक्शनचं औषध बाटल्यांत भरत. भरलेली एकूण एक बाटली बायका ट्यूबलाइटपुढं धरून तपासत. मानेला धरायची, उलटी करायची, एकदा काळ्या पाटीपुढं, एकदा पांढऱ्या. आत धागा, कचरा, काच, काही तरंगताना दिसलं की बाटली लाल ट्रेमध्ये टाकायची. बायका त्याला बत्तीवरचं काम म्हणत. कुसुमताई त्या खात्याच्या सुपरवायझर. त्या बुधवारी त्यांनी कस्तुरानं पास केलेला ट्रे सहज पुन्हा बघितला, तर त्यात सात बाटल्या खराब निघाल्या.

"अगं, कुणाच्या तरी दंडात गेली असती ही काच! शुक्रवारपासून तीन दिवस तुझा प्रत्येक ट्रे मी तपासणार. एक बाटली निघाली, की तू परत धुलाईत."

धुलाई काय असते ते कस्तुराला कुणी सांगायला नको होतं. चार वर्षं तिनं सोड्याच्या कढत पाण्यात रिकाम्या बाटल्या घासल्या होत्या. बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या आणि भाकरी थापताना त्यांत पीठ शिरलं की जीव कळवळायचा. चौथी शिकलेली आणि नजर तेज, म्हणून तिला बत्तीवर घेतलं. कोरडं काम, बसायला स्टूल. पण बसून बसून डोकं पळायचं. डोळे बाटलीवर आणि मन घरात: नवरा, साहेबराव, फौंड्रीतून जळक्या वासानं आला असेल, सासूनं पोरांना जेवायला घातलं असेल का, रॉकेलच्या रांगेत कोण उभं राहणार. त्या नादात एकदोन बाटल्या निसटायच्या. म्हणून तर त्या पावसाळ्यात, एकोणऐंशी सालच्या वर्षावासात, ती देहूरोडच्या विहारात जायला लागली. भोसरीची सुट्टी गुरुवारची. भन्त्यांनीही कामगारांसाठी गुरुवारची बैठक ठेवली होती.

पहिल्या गुरुवारी नुसते गुडघे दुखले. दुसऱ्या गुरुवारी डोळा लागला आणि घोरल्याबद्दल मागच्या बाईनं ढोसलं. चौथ्या गुरुवारी मात्र नाकाच्या टोकाशी दहा श्वास सलग सापडले. आत येणारा गार, बाहेर जाणारा कोमट. भन्ते सांगत होते, "जे येईल ते बघा. चिकटू नका, झटकू नका. येऊ द्या, जाऊ द्या." कस्तुरानं ते मनापासून उचललं आणि थेट बत्तीवर नेलं. बाटली आली, कण आला, दिसला, जाऊ दिला. इतकं निवांत काम तिनं जन्मात केलं नव्हतं.

"निब्बाण मिळंल तवा मिळंल," शेजारच्या स्टुलावरची शालनबाई म्हणाली, "आदी नोकरी चालली बग तुजी!"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बैठक संपल्या संपल्या कस्तुरा भन्त्यांपुढं जाऊन बसली. वंदन केलं आणि बोलून टाकलं, "भन्ते, तुमच्या ध्यानापायी मला धुलाईत घालायला निगालेत."

भन्त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाळाला हात लावला. "चूक माझी, बाई. मी अर्धंच सांगितलं. राग आला, हाव सुटली, तर तिला जाऊ द्या म्हटलं होतं. काचेला नव्हे!" बसलेली माणसं हसली. भन्ते पुढं म्हणाले, "धम्मात स्मृतीला, म्हणजे मनाच्या जागेपणाला, वेशीवरचा राखणदार म्हटलंय. येणाऱ्या प्रत्येकाला तो नीट बघतो. ओळखीचा असेल त्याला आत घेतो, भलता असेल त्याला तिथंच थांबवतो."

कस्तुराचं तोंड उतरलं.

"येसकरकी आमी सोडलीया, भन्ते. माजा आजा निगोज्याच्या येशीत काठी घिऊन हुबा ऱ्हायचा. बदल्यात गावाची शिळी भाकर. म्या सहा वर्साची व्हते, धम्म घेतला तवा बापानं ती काठी चुलीत घातली. आन् तुमी मला परत येशीतच हुबं करताय?"

भन्ते पुढं सरकून बसले.

"तुझ्या आज्याला कुणाला अडवता येत होतं का?" त्यांनी विचारलं.

"कशाचं अडवतोय! पाटलाचा गडी जरी आला तरी ह्यानंच वाकायचं."

"आणि तू बाटली लाल ट्रेमध्ये टाकलीस तर?"

कस्तुरा विचारात पडली. "ती मालकालाबी फुडं धाडता येत न्हाई."

"मग? ही राखण कुणाच्या हुकमाची नाही. बत्तीपुढं बसलीस की बाटली बघ. मन घरी पळालं तर पळालं म्हणून ओळख आणि परत आण. कण दिसला की हात चालव. रागवायचं नाही, पण सोडायचंही नाही."

शुक्रवारी मन शंभरदा पळालं असेल, शंभरदा तिनं ते आणलं. संध्याकाळी मान अवघडली, पण ट्रे चोख निघाले. शनिवारीही. रविवारी दुपारी मात्र दारात टेम्पो लागला आणि माल पाठवणारे दौलतराव बायकांच्या डोक्यावर येऊन उभे राहिले.

"आटपा, बायांनो! टेम्पो थांबलाय." त्यांनी कस्तुराच्या लाल ट्रेमधली एक बाटली उचलली. "ह्यात काय आहे? बुडबुडा आहे नुसता." आणि ती चांगल्या ट्रेमध्ये ठेवली.

कस्तुराच्या कानशिलापर्यंत राग चढला. तिनं तो चढताना बघितला. एक श्वास गेला. मग हात लांब करून तिनं बाटली परत लाल ट्रेमध्ये ठेवली.

"काच हाय, सायेब."

"मला शिकवतेस?"

आवाज ऐकून कुसुमताई आल्या. बाटली घेऊन त्यांनी उलटी केली आणि काळ्या पाटीपुढं धरून ठेवली. बुडबुडा असता तर वर चढला असता. पांढरी कणी गिरक्या घेत घेत खाली गेली आणि तळाशी टेकली. दौलतराव टेम्पोवाल्यावर ओरडायला निघून गेले.

कुसुमताईंनी सबंध ट्रे पुन्हा बघितला. मग त्या ट्रेच्या तपासणीच्या चिठ्ठीवर सही केली. "उद्यापासून तुझे ट्रे मी बघणार नाही," त्या म्हणाल्या. "धुलाईत दुसरी बाई शोधते."

"आगं, मलाबी ने की एका बेस्तरवारी," शालनबाई कुजबुजली. "पर घोरल्यावर ढोसत्यात म्हनं?"

"ढोसत्यात," कस्तुरा म्हणाली. तिनं पदर खोचला, पुढचा ट्रे ओढला आणि पहिली बाटली मानेला धरून उलटी केली.