बंगल्यापुढचा राब

पावणेपाचला धाकलू मेंगाळचा दिवस सुरू व्हायचा. पाचनंतर विजेचा भरवसा नसे, म्हणून त्याआधी मोटर चालू करून टाकी भरायला लावायची. मग पाचोळा झाडायचा, कुंड्यांना पाणी घालायचं, आणि बरोबर सहाला फाटकापाशी उभं राहून स्वतःचा फोटो काढून मुंबईला साहेबांना पाठवायचा. त्यानंतर दर दोन तासांनी एक फोटो. शेवटचा रात्री दहाचा. अकरा वर्षं त्यानं हे काम केलं. एकही फोटो चुकल्याचं मला माहीत नाही.

बंगला आमच्या गावाबाहेर, सरळगावच्या पुढे. मालक महिन्यातून एकदा यायचे, कधी दोन महिन्यांतून एकदा. धाकलू फाटकाशेजारच्या खोलीत एकटा राहायचा. त्याचा पाडा डोळखांबच्या वर, डोंगरात. तिथं त्याची बायको बुधी आणि दीड एकर भातशेती. किन्हवलीमार्गे गेलं तर अडीच तासांची वाट. पण बंगला रिकामा ठेवायचा नाही असा साहेबांचा नियम होता. फाटकावर एक कॅमेरा, ओट्यावर एक, मागं एक. दिवाळीला दोन दिवस आणि शिमग्याला एक दिवस, तेवढा तो घरी जायचा. त्या दिवसांत साहेब स्वतः येऊन राहायचे.

मी पाइपलाइनच्या गँगमध्ये एकतीस वर्षं माती उपसली. काम पाहिलं की माणूस कळतो, असं माझं मत आहे. धाकलूनं झाडलेल्या अंगणात खराट्याच्या रेघासुद्धा एका दिशेला असायच्या.

दिवाणखान्यात भिंतभर मोठा टीव्ही होता. घरात माणसं आहेत असं रस्त्यावरून वाटावं म्हणून साहेबांनी तो रोज सात ते दहा चालू ठेवायला सांगितलं होतं. पडदे उघडे, दिवे चालू. बाहेरच्या कोणालाही मात्र आत घ्यायचं नाही. साडेसातला त्यावर एक मालिका लागायची, ‘राखाडी’ नावाची, दुसऱ्या भाषेतून मराठीत आणलेली. ते चॅनेल आमच्या घरच्या डिशवर येत नव्हतं. म्हणून आम्ही तिघं कुंपणाबाहेरच्या बांधावर बसून ती काचेतून पाहायचो. मी, शेजारच्या शेताचा मालक काळूराम, आणि जनी, जी आश्रमशाळेत भाकऱ्या भाजायला जाते. धाकलू खिडकी थोडी उघडून आवाज वाढवायचा आणि ओट्याच्या पायरीवर बसायचा. तारेच्या या बाजूला आम्ही तिघं, त्या बाजूला तो एकटा.

मालिका सगळी काळीपांढरी. पहिल्या दिवशी जनीला वाटलं टीव्ही बिघडला.

“येवढी मोठी पेटी आणि रंग नाय,” ती म्हणाली. “साहेब फसलं.”

राखाडी म्हणजे एक गुप्तहेर. लांब कोट, डोक्यावर टोपी. कोणाच्याही भिंतीला त्यानं तळवा टेकवला की त्या भिंतीनं पाहिलेलं सगळं त्याला दिसायचं. खून, चोरी, लपवलेल्या वस्तू. शिवाय अंगात दहा माणसांची ताकद. त्या शहरात पाऊस कधी थांबायचाच नाही. काळूरामला त्याचा राग यायचा. बारमाही पाऊस आणि भाताची एक काडी कुठं दिसत नाही, ही माणसं खातात काय, असं तो दर भागाला विचारायचा. जनीला कोटाची काळजी. तो कोट सदा ओला, त्यावरून तिनं ठरवलं की याला बायको नाही. मला भिंती खटकायच्या. राखाडी एका बुक्कीत नऊ इंची भिंत पाडायचा. सिमेंटातली भिंत पाडायला घण घेऊन दोन माणसांना अर्धा दिवस लागतो, आणि राबिट, म्हणजे पडलेल्या विटा-सिमेंटाचा चुरा, उचलायला पुन्हा दोन माणसं. राबिट कोण उचलतं ते मालिकेत एकदाही दाखवलं नाही.

काळूरामनं मला एकदा डिवचलं. “तू पाइप घालताना मुकादमाला जे बोललास ना, ते तिथल्या भिंतींनी ऐकलंय बरं. हा आला नं हात लावायला, तर तुझं पेन्शन बंद.”

राखाडीला एक अडचण होती. शहराच्या नदीवर पूल होता, तो ओलांडला की त्याची शक्ती जायची. पलीकडे त्याची माणसं राहत होती. दर शुक्रवारी तो पुलाच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा आणि परत फिरायचा. काळूरामच्या मते हे भाग वाढवायचं काम होतं. “जा की रे,” तो टीव्हीला सांगायचा, “कोणी धरलाय तुला?”

महिनाभर पाहून झाल्यावर धाकलूनं एकच गोष्ट विचारली.

“याला पगार कोण देतं?”



एप्रिलच्या शेवटी बुधीचा फोन आला. तिचा गुडघा सुजला होता. भाताची रोपं करायची तर त्याआधी राब भाजावा लागतो. टहाळ, म्हणजे झाडांच्या पानांसकट बारीक फांद्या, तोडून वाळवायचा, रोपांच्या जागेवर शेण, टहाळ, पाला आणि वर माती असे थर रचायचे, आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, माती भुसभुशीत होते. अकरा वर्षं हे बुधी एकटी करत आली होती. टहाळ तिनं कसाबसा तोडून ठेवला होता, पण डोक्यावर वाहून आणणं, रचणं आता होत नव्हतं. ती म्हणाली, तू आला नायस तर या साली शेत पडीक राहील, आणि एकदा पडीक राहिलं की मी पुन्हा त्याच्यात उतरायची नाय. ती धमकी देत नव्हती. जे होणार ते तिनं सांगितलं.

धाकलूनं साहेबांकडे चार दिवस मागितले. मे महिन्यात पाहुणे असतात, नंतर बघू, असं उत्तर आलं. त्यानं दुसऱ्यांदा मागितले, तिसऱ्यांदा मागितले. तिसऱ्या वेळी साहेबांनी फोन मध्येच ठेवला. नोकरी सोडून जावं, तर वर्षाचे आठ महिने घर त्याच पगारावर चालत होतं.

त्याच आठवड्यात मालिकेत राखाडीनं शत्रूंना फसवलं. खिडकीतल्या खुर्चीवर स्वतःचा कोट आणि टोपी ठेवली, आणि मागच्या दारानं निघून गेला. खालचे पहारेकरी रात्रभर त्या कोटावर नजर ठेवून बसले.

जनीनं काळूरामकडे पाहिलं. काळूराम म्हणाला, “मी काय खुर्ची हाय?” पण दोन दिवसांनी तो धाकलूच्या जागी राहायला तयार झाला. त्याचा स्वतःचा राब भाजून झाला होता, आणि हात रिकामे होते.

गणवेशाचा निळा शर्ट आणि टोपी धाकलू काळूरामला देणार होता. दोघांची उंची जवळजवळ सारखी. फोटोत टोपी पुढं ओढली की नाकाखालचंच दिसायचं, आणि दाढी दोघांची पांढरी. फोन बंगल्यावर ठेवावा लागणार होता, म्हणजे चार दिवस धाकलूशी बोलता येणार नव्हतं. बुधीचा फोन पाड्यावर लागतच नाही, त्यासाठी तिला टेकडीवर चढावं लागतं आणि गुडघ्याची सूज वाढल्यापासून ते बंद होतं.

अडचण चालीची होती. जनीनं काळूरामला बांधावर चार वेळा चालवून पाहिलं आणि मान हलवली.

“नाय. तू मालक चालतो तसा चालतोस. छाती पुढं, आणि बघतोस लांब. धाकलू पायाखाली बघून चालतो. खांदं पाड.”

काळूरामनं खांदे पाडले.

“अजून,” जनी म्हणाली.

धाकलू तारेपलीकडून हे पाहत होता. तो हसला नाही.

सोमवारी पहाटे तो मागच्या बाजूनं गेला. तिथल्या कॅमेऱ्यावर कोळ्यांची जाळी झाली होती आणि साहेबांनी ती साफ करायला कधी सांगितलं नव्हतं. त्याच वाटेनं काळूराम आत आला. सोमवारचे सगळे फोटो वेळेवर गेले. मंगळवारचेही गेले. साहेबांकडून रोजच्यासारखा अंगठा आला. संध्याकाळी मी आणि जनी बांधावर बसलो आणि काळूराम पायरीवर. तो म्हणाला, आतून मालिका वेगळीच दिसते. दोन दिवस फाटकाबाहेर पाय टाकला नव्हता आणि स्वतःचं शेत समोर दिसत होतं. “वरडावंसं वाटतं,” एवढंच म्हणाला.

मंगळवारी रात्री फोनवर साहेबांचा बोललेला निरोप आला. शनिवारी पाहुणे येणार. बंगल्यापुढची हिरवळ मध्ये मेली आहे, तिथं नवीन गवताचं बी टाकायचं आहे. बी गुरुवारी येईल, तोवर जमीन नीट तयार करून ठेव.

काळूरामनं तो निरोप दोनदा ऐकला. बुधवारी उजाडताच तो कामाला लागला. मी बांधावरून सगळं पाहत होतो. त्यानं मेलेलं गवत खुरप्यानं काढलं, ढेकळं फोडली. छाटलेल्या फांद्या मागं पडून होत्या, त्या आणून पसरल्या. धाकलूनं वर्षभर झाडून साठवलेला पाचोळा त्यावर टाकला. स्वतःच्या गोठ्यातलं शेण जनीकडून मागवून तारेवरून आत घेतलं. वर मातीचा पातळ थर दिला. थर सारखा होता, कडा सरळ होत्या. राब चांगला रचलाय, एवढंच माझ्या मनात आलं. साठ वर्षं आम्ही पाहत आलो आहोत, पेरायचं म्हणजे आधी भाजायचं. हे गवत आहे, भात नाही, आणि हे बंगल्याचं अंगण आहे, हा विचार त्याला शिवला नाही, मला नाही, शेण आणून देणाऱ्या जनीलाही नाही.

वारा मंदावलेला पाहून चारला त्यानं वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी लावली. राब नीट पेटला. पण भोवतीचं गवतही उन्हानं वाळलेलं होतं. आमच्या शेतात राबाभोवती उघडी माती असते. इथं आग हिरवळीवरून पायऱ्यांपर्यंत गेली. पाण्याच्या प्लास्टिकच्या नळ्या वितळल्या, वेताची एक खुर्ची जळाली. मी तारेवरून उडी टाकून आत गेलो. आम्ही दोघांनी बादल्या मारून पंधरा मिनिटांत आग विझवली. ओट्यावरच्या कॅमेऱ्यानं ते सगळं मुंबईला दाखवलं.

फोन वाजला. काळूरामनं उचलला नाही, आवाजावरून कळलं असतं. सहा वेळा वाजला. रात्री नवाला साहेबांची गाडी फाटकाशी आली.

साहेबांनी काळूरामच्या डोक्यावरची टोपी काढली आणि विचारलं, “तू कोण?”

काळूरामनं नाव सांगितलं, आणि म्हणाला, “बी टाकायचं म्हणलात. मग राब नको?”

साहेबांनी त्याला घरी पाठवलं. धाकलू कुठं आहे ते आम्ही सांगितलं, लपवण्यासारखं आता काही नव्हतं. मी म्हणालो, मोटरसायकल घेऊन जातो आणि त्याला आणतो. जनीनं माझा हात धरला. अजून एक दिवस हाय त्याचा, ती म्हणाली. मी गेलो नाही.

गुरुवारी संध्याकाळी धाकलू स्वतःच आला, ठरल्याप्रमाणे. हाताला कोपरापर्यंत राख होती. टहाळाचे चाळीस भारे वाहिले होते, राब रचून, भाजून, विझवून आला होता. हे त्यानं आम्हाला रस्त्यातच सांगितलं. बंगल्याचं आम्ही त्याला सांगितलं. तो पुढच्या फाटकानं आत गेला.

साहेब ओट्यावर बसले होते. त्यांनी फोनवर कॅमेऱ्याचं चित्रण लावलं आणि त्याच्यापुढं धरलं. खांदे पाडून, पायाखाली बघत काळूराम अंगणात येरझाऱ्या घालत होता. धाकलूनं ते पूर्ण पाहिलं. आम्ही तारेबाहेर होतो, शब्द ऐकू येत होते.

“मी असा चालतो?” त्यानं विचारलं.

साहेबांनी फोन खाली ठेवला. मग ते म्हणाले, “सांगून गेला असतास तर?”

“सांगितलं हुतं. तीनदा.”

साहेबांनी खोली रिकामी करायला सांगितलं. सामान एका पिशवीत मावलं. एप्रिलचा पगार अजून व्हायचा होता. तो द्यायचा नाही, नुकसानीत धरायचा, असं ठरलं. धाकलूनं वाद घातला नाही. बुधीची रोपं या साली होणार होती, आणि त्याची किंमत कुठंतरी लागणारच, असं तो जाताना म्हणाला. आता तो पाड्यावर असतो. भाताची आवणी, झोडणी झाली की खर्डीच्या बाजूला रोजानं जातो, दिसेल ते काम करतो. मालिका पाहायला मिळत नाही. राखाडी पूल ओलांडून गेला का, असं त्यानं मला एकदा विचारलं. अजून नाही, मी सांगितलं.

शनिवारच्या आत अंगण नीट व्हायला हवं होतं. शुक्रवारी पुण्याकडून टेम्पो आला. दोन माणसांनी भाजलेली माती खरवडून कुंपणाबाहेर फेकली आणि गुंडाळून आणलेलं तयार गवत चटईसारखं अंथरलं. दुपारी जेवायच्या आत काम संपलं. धाकलूचा एप्रिल महिन्याचा पगार त्या गवताला गेला.