कोऱ्या पाठीवरची सही

कारखान्यात त्यांना सगळे चाळणीकाका म्हणत. परदेशी जाणारा प्रत्येक कागद काका चाळून बघत आणि एखादा तरी खडा निघाला नाही तर दिवसभर खट्टू असत. लग्नाआधी त्यांनी बायकोची दहावीची गुणपत्रिका मूळ प्रतीशी ताडून पाहिली होती, असं मेहुणी सांगे. बायको म्हणे, "साफ खोटं. बारावीची होती."

कारखाना नवजात बाळांचे इनक्युबेटर बनवी. व्यापारबंदी असलेल्या एका देशातल्या इस्पितळानं बारा मागवले, तेव्हा मालक हबकले. "काका, विस्तवाशी खेळ नको हं!"

"औषधोपचाराच्या मालाला सूट आहे, साहेब. कागद तेवढे चोख हवेत."

मग आठ महिने काका राब राब राबले. परवाना काढला. इस्पितळाच्या विश्वस्तांची नावं बंदीच्या यादीशी ताडली. तिथले पैसे स्वीकारणारी एकुलती एक बँक हुडकली. उरलं फक्त इस्पितळाचं नऊ पानी हमीपत्र : यंत्रं आम्हीच वापरू, लष्कराला देणार नाही. तिथल्या भांडारप्रमुख बाईंनी नऊही पानांवर सह्या करून ते धाडलं. तिसऱ्या देशातून फिरत यायला त्याला तीन आठवडे लागले.

काकांनी पानं उलटली. "मागच्या बाजूला सह्या नाहीत."

"अहो, मागची बाजू कोरी आहे!" मालक म्हणाले.

"कोरीच धोक्याची. उद्या तिथं कुणी काहीही लिहील."

"नियमात आहे का तसं?"

"नियमात नाही. माझ्या पद्धतीत आहे."

मालकांनी हात टेकले. याच पद्धतीनं कारखान्याला वीस वर्षं तारलं होतं. हमीपत्र परत गेलं.

पाचव्या आठवड्यात बँकेनं कळवलं : त्या देशाचे नवे व्यवहार बंद, ज्यांचे कागद आमच्याकडे पूर्ण जमा आहेत, तेवढेच पार पाडू. काकांचे कागद वाटेत होते. दुसरी कुठलीच बँक दारात उभं करेना. मालकांनी बाराही यंत्रं दुसरीकडे विकली. काकांना ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात लिफाफा आला. नऊ सह्या, नऊ कोऱ्या पाठींवर. शेवटच्या सहीखाली बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं : 'जागा होती म्हणून लिहिते. सध्या एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवतो. इतकं बारीक बघणारा माणूस आमच्यासाठी झटतोय, याचा फार धीर वाटतो.'

आयुष्यात पहिल्यांदाच, कागद कुठल्या फायलीत लावायचा, हे काकांना कळेना. ते तो घरी घेऊन आले.

"उत्तर पाठवलंत का त्या बाईंना?" बायको अधूनमधून विचारी.

"मसुदा करतोय."

"चार महिने?"

"चूक राहायला नको त्यात."

"अहो, राहू दे की एखादी! ती बिचारी अजून तुमची वाट बघत असेल."

काकांनी सगळे मसुदे बाजूला सारले आणि कोरा कागद ओढून तीन ओळी लिहिल्या : यंत्रं येणार नाहीत. उशीर माझ्यामुळे झाला. दुसरीकडे लगेच मागा.

खाली सही केली. सवयीनं कागद उलटला, पेन टेकवलं, आणि तसंच उचलून कागद लिफाफ्यात घातला.