मावशींना नगरला आणलं तेव्हा

गाडी विजेवरची घेतली तेव्हा मला तिचं कौतुकच होतं. आम्ही देवळाली प्रवराला राहतो, माझी शाळा राहुरीत. सकाळी जायचं, दुपारी परत यायचं, येताना भाजी घ्यायची आणि रात्री अंगणात वायर लावून ठेवायची. मोबाईलसारखंच. पण तालुक्याची हद्द ओलांडली की माझं अर्धं लक्ष समोरच्या आकड्यावर जायचं. बॅटरी किती टक्के राहिली, गाव किती लांब राहिलं, हाच हिशेब मनात चालू राहायचा. नवरा म्हणायचा, "तू गाडी चालवतेस की आकडा चालवतेस?" त्याचं बरोबर होतं, पण माझी सवय काही सुटली नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी सासूबाईंना फोन आला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांची धाकटी बहीण जामखेडच्या पलीकडे एका लहानशा गावात राहते. मावशींचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरात त्या एकट्या. शेजारच्या गिरणीवाल्या बाईंनी फोन केला होता. मावशींच्या पायांवर सूज होती, चार पावलं चाललं तरी दम लागत होता. जामखेडच्या डॉक्टरांनी हृदयाचा त्रास आहे म्हणून सांगितलं होतं, एक-दोन दिवसांत नगरला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले होते. आणि मावशी कुणाबरोबरही जायला तयार नव्हत्या.

"अक्का आली तरच जाईन म्हनती," आत्यांनी फोन ठेवत सांगितलं. "लई हट्टी हाय ती. लहानपनापासून."

नवरा साखर कारखान्यात आहे. हंगाम अजून संपलेला नव्हता, त्याला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. मी शाळेत रजा टाकली. रात्री वायर लावली आणि झोपले. पहाटे उठून बघते तर लाईट गेलेली. गाडी सत्तर टक्क्यांवर थांबली होती. लाईटची वाट बघत बसावं तर ऊन वाढणार. नगरला चार्जिंग करून घेऊ, असं मनाशी ठरवून आम्ही निघालो.

नगरच्या चार्जिंगवर दोन गाड्या आधीच थांबलेल्या होत्या. पहिली नुकतीच लागली होती. मी उतरून विचारून आले. आत्या मागच्या सीटवर पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या.

"किती येळ?"

"दुपार होईल बहुतेक."

त्यांनी पिशवीचे बंद एकदा सोडले, परत बांधले. मग म्हणाल्या, "तिला बसून झोपावं लागतंय म्हनत हुती ती बाई. आडवं झालं की जीव घुसमटतो म्हनं."

मोबाईलवर आष्टीच्या पुढे एका हॉटेलात चार्जिंग दाखवत होतं. तिथे करू म्हणून मी गाडी काढली.

कडा मागे पडेपर्यंत ठीक होतं. पुढे ऊन असं तापलं की रस्ता पांढरा दिसायला लागला. आकडा माझ्या अंदाजापेक्षा भराभर उतरत होता. मी एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या. गरम वारा आत आला. चाळीसच्या वर वेग जाऊ दिला नाही. मागून येणारे टेम्पो हॉर्न वाजवत पुढे जात होते.

हॉटेल आलं. चार्जिंगचं मशीन काळंठिक्कर, त्याचा पडदा बंद. गल्ल्यावरच्या माणसाने बसल्या जागेवरूनच हात हलवला.

"सकाळपासून लाईन न्हाई ताई. ट्रान्सफॉर्मर गेलाय. आज यील असं वाटत न्हाई."

मी गाडीत येऊन बसले. मावशींच्या गावापर्यंत पोचू, एवढं दिसत होतं. पण पोचून काय? आजारी माणसाला न्यायला आलेली गाडी त्यांच्या दारात जाऊन बंद पडली तर? नवऱ्याला फोन लावला, तर कारखान्यात रेंज नव्हती.

आरशात बघितलं. आत्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांना ब्लडप्रेशरचा त्रास आहे. पदराने वारा घेत होत्या.

"आत्या, उकडतंय ना?"

"न्हाई उकडत. तू पुढं बघ."

पुढे एका लिंबाखाली गाडी थांबवली. त्यांना पाणी दिलं, ओला रुमाल मानेवर ठेवायला दिला. एका बहिणीला न्यायला जाताना दुसरी वाटेतच आडवी झाली तर काय करायचं, असं मनात आलं आणि मी काचा वर करून एसी लावला. आकडा उतरला तर उतरू दे.

गावात शिरलो तेव्हा नऊ टक्के राहिले होते. मावशी दारातल्या बाजेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पाय मडक्यासारखे सुजलेले. आत्या गाडीतून उतरून सरळ त्यांच्याजवळ गेल्या आणि पाय हातात घेऊन बघायला लागल्या.

"हे कवापासून?"

"झालं आठ-धा दिस. तू लई काळी पडलीस गं अक्का."

"माझं सोड. मला कळवायचं न्हाई व्हय?"

त्यांना तसंच बोलत ठेवून मी प्लग शोधायला निघाले. मोठी पिन बसेल असा प्लग फक्त शेजारच्या गिरणीत होता. गिरणीवाल्या बाई लगेच हो म्हणाल्या. गाडी भिंतीला लावली, वायर जोडली. चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागला. काढून परत लावली. परत लाल.

हे मी घरी एकदा बघितलं होतं. अर्थिंग नीट नसलं की चार्जर वीज घेतच नाही. आमच्याकडे तेव्हा वायरमनने अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला लावलं होतं. गिरणीच्या मागे मीटरखाली खड्डा सापडला. माती भुकटीसारखी कोरडी.

पाणी हवं होतं, आणि मागायची लाज वाटत होती. गावात टँकर येत होता. दारोदार निळी पिंपं झाकून ठेवलेली, झाकणावर दगड. अशा ठिकाणी गाडीसाठी पाणी कसं मागायचं? मी मावशींच्या दारात येऊन नुसती उभी राहिले.

"काय झालं?" आत्यांनी विचारलं.

मी सांगितलं. गिरणीवाल्या बाईंनी एकदा पिंपाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

मावशी दम घेत म्हणाल्या, "न्हाणीत भांड्याचं पानी हाय बादलीत. झाडाला ठिवलंय. ते वत."

मी ती खरकट्या पाण्याची बादली नेऊन खड्ड्यात रिकामी केली. माती पाणी पीत राहिली. दिवा लालच. गिरणीवाल्या बाई आत गेल्या आणि धुण्याच्या पाण्याची बादली घेऊन आल्या. तीही ओतली. आम्ही दोघी डबीकडे बघत उभ्या होतो. बऱ्याच वेळाने लाल दिवा गेला आणि हिरवा लागला. मी तिथेच गिरणीच्या पायरीवर बसले.

साध्या प्लगवर चार्जिंग फार सावकाश होतं, तरी रात्रभर लाईट टिकली. मावशी आडव्या होऊ शकत नव्हत्या. आत्या त्यांच्या पाठीशी बसून राहिल्या. सकाळी गाडी पूर्ण भरलेली नव्हती, पण नगरपर्यंत पुरेल असं दिसत होतं. गिरणीवाल्या बाईंनी मावशींच्या घराला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली.

येताना मी एसी एकदाही बंद केला नाही. मावशींचा श्वास मागे ऐकू येत होता, मधेच तो अडखळायचा. तेव्हा मला वेग वाढवावासा वाटे आणि वाढवला की आकडा घसरे.

"ह्यो आकडा कमी कमी का व्हतोय?" मावशींनी विचारलं.

"तिला चालवू दे," आत्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या दारात पोचलो. थोडं चार्जिंग उरलंही होतं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी साठलंय, अजून थांबला असता तर अवघड होतं. त्यांनी लगेच दाखल करून घेतलं. सुया, ऑक्सिजन सगळं सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी मावशी पहिल्यांदा आडव्या होऊन झोपल्या. त्या झोपल्या म्हणून आत्या खुर्चीत बसल्या बसल्या रडल्या. येताना सगळ्या रस्त्यात त्या रडल्या नव्हत्या.

त्याच दुपारी मावशींच्या मुलाचा उसाच्या फडावरून फोन आला. तीन दिवस तो मला फोन करून तेच तेच विचारत होता आणि मी तेच तेच सांगत होते. त्या दिवशी मी फोन सरळ मावशींच्या कानाला लावला.

"मी अक्काजवळ हाय," त्या म्हणाल्या. "आता राहीन म्हनते थोडे दिस तिच्याकडंच. तुमी काम टाकून येऊ नका. सूनबाईला म्हनावं, येळेवर जेव."