भास्करभाऊंनी गाडी थांबवली ती दुपार

भास्करभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सटाण्याच्या स्टँडवर होते, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून. फोन त्यांच्या बायकोचा, मंदावहिनींचा. “ताई, हे गेले...” एवढंच बोलल्या. गाडीत माणसं चढत होती, तिकिटं द्यायचीच होती. पुढची नामपूरपर्यंतची फेरी मी कशी केली, ते आठवत नाही. त्याला आता दीड महिना झाला.

नाशिक-नामपूर गाडीवर ते ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, अशी आमची बरीच वर्षं गेली. सायखेड्याचा माणूस, उंच, मोजकं बोलणारा. एखादी म्हातारी चढली की ती नीट बसेपर्यंत गाडी हलायची नाही, मग मागचा कितीही हॉर्न वाजवो. अशा माणसाच्या गाडीखाली एके दिवशी एक मोटारसायकलवाला आला. तो उलट्या बाजूनं आला होता. भाऊंची चूक नव्हती, चौकशीतही तेच निघालं. पण माणूस गेला तो गेलाच. त्यानंतर समोर मोटारसायकल दिसली की भाऊंच्या छातीत धडधडायचं, तळहात घामानं ओले व्हायचे. डॉक्टरांनी त्यावर एक छोटी गोळी दिली, पंधरा दिवसांसाठी. तिनं खरंच बरं वाटलं, आणि घोटाळा तिथंच झाला. पुन्हा डॉक्टरांकडे जायचं सोडून भाऊ तीच जुनी चिठ्ठी घेऊन या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये जाऊ लागले. शरीर सरावलं, एका गोळीनं भागेना. दोन झाल्या, मग तीन. मी विचारलं की म्हणायचे, “डॉक्टरनंच लिहून दिलीय ना, ताई? दारू थोडीच हाय?” मी गप्प बसायचे. ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

मग ती दुपार आली. देवळा सोडलं होतं, गाडी गच्च भरलेली. सरळ रस्त्यावर गाडी हळूच उजवीकडे सरकू लागली. समोरच्या ट्रकनं हॉर्न दिला तसं भाऊंनी दचकून स्टिअरिंग ओढलं. थोडक्यात वाचलो. पुढच्या लिंबाखाली त्यांनी गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, “डेपोत फोन करा. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणावं. माझा डोळा लागला व्हता.”

“पोट बिघडलं म्हणून सांगते,” मी हळूच म्हटलं.

“नाय. गोळ्यांचं सांगा. आज खोटं बोललो तर उद्या मी पुन्हा हितंच बसंन.”

माणसं चिडली, ओरडली. भाऊ खाली उतरून उन्हात हात जोडून उभे राहिले, दुसरी गाडी येईपर्यंत.

डेपोनं त्यांना स्टिअरिंगवरून काढून वर्कशॉपात बसवलं. भाऊंनी घरी जाऊन गोळ्या एकदम बंद केल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना फिट आली. दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई त्यांच्यावर रागावल्याच. “जिद्द चांगली आहे भास्करराव, पण हे औषध असं एकदम तोडायचं नसतं. जीव जाऊ शकतो. मी सांगेन तेवढंच आणि तसंच कमी करायचं.” मग सुरू झालं ते खरं काम. चौदा महिने. थोडी गोळी कमी, मग काही आठवडे तिथंच थांबायचं, पुन्हा थोडी कमी. हात थरथरायचे, झोप उडायची, बारीकशा आवाजानं अंगावर काटा यायचा. त्या मोटारसायकलवाल्याबद्दल भाऊ पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले ते त्या बाईंसमोरच. एकदा भरदुपारी मला फोन आला. “ताई, मेडिकलसमोर उभा हाय. काहीतरी बोला.” मी आपली नाशिकपासूनचे आमच्या गाडीचे थांबे म्हणू लागले, ओळीनं, एकेक... सटाण्याशी आले तेव्हा ते म्हणाले, “बास. निघालो घरी.”

गोळी सुटली. तपासणीत पास होऊन भाऊ पुन्हा स्टिअरिंगवर बसले आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी गाडी चालवली. गोळ्यांची गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. शेवटी कॅन्सर झाला. जीव फार घाबरायचा, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तसल्याच गोळीचं नाव काढलं. भाऊंनी स्वतःच सगळा इतिहास सांगितला आणि म्हणाले, “द्या. पण मोजून द्या, आन् मंदाच्या हातात द्या.” मी चमकले. ते हसले. “गोळीशी भांडण नाय माझं, ताई. मी लपवून घेत व्हतो, ते चुकलं.”

दहाव्याला सायखेड्याला डेपोतले बरेच जण आले होते. त्यात चाळिशीचा एक ड्रायव्हर, दत्तू. सगळे जेवायला बसले तेव्हा त्यानं मला बाजूला बोलावलं. “भास्करभाऊ मला त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेणार व्हते. मी रोज तीन घेतो... आता कोणाला सांगू?”

या वेळी मी गप्प बसले नाही. “सोमवारी माझी सुट्टी आहे,” मी म्हटलं.

सोमवारी आम्ही गेलो. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक लाकडी बाक आहे. भाऊ चौदा महिने त्याच बाकावर बसायचे, असं तिथल्या सिस्टरनं सांगितलं. दत्तू टोकाला अंग चोरून बसला होता. आतून त्याचं नाव पुकारलं, तरी तो उठेना.

“किती घेतो ते खरं सांगू का, ताई?”

“खरंच सांग,” मी म्हटलं आणि त्याच्याआधी उठून उभी राहिले.